इस्त्रीच्या खोलीतली धाकटी

मास्तरीण सहलीचं वेळापत्रक करायला बसली की श्वास घ्यायचीसुद्धा वेळ लिहून ठेवते, असं कवळीताई सगळ्यांना सांगायची. दोघी शाळेच्या बाकापासूनच्या मैत्रिणी. एकीने तीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हापासून तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. दुसरी दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवते, म्हणून ती कवळीताई. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या हातच्या दातांनी हसतात आणि उरलेली निम्मी त्याच दातांनी एकमेकांना चावतात, असं ती स्वतःच म्हणते.

दरवर्षी दोन-तीन दिवस दोघींनी कुठेतरी जाऊन यायचं, हा जुना नेम. ठिकाण ठरवायचं मास्तरणीने आणि तिथे पोचल्यावर नावं ठेवायची कवळीताईने. यंदा मात्र कवळीताई आपणहून म्हणाली की परदेशात जाऊ, आणि शहराचंही नाव घेतलं. शुक्रवारी निघायचं, शनिवार-रविवार हिंडायचं, सोमवारी परत. मास्तरणीने चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं. त्या शहराचं नाव दोघींच्या बोलण्यात नऊ वर्षांत आलं नव्हतं.  मग ती नकाशा काढून बसली.

शनिवारी सकाळी हॉटेलच्या खोलीत सामान टाकलं. दोन पलंग, मधे हात जाईल एवढी फट, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. त्या जिन्यावरून एक बाई खांद्याला पिशवी अडकवून उतरत होती, डावा खांदा जरा उचलून. कवळीताई पडदा हातात धरून ती पार खाली पोचेपर्यंत बघत राहिली. काय आहे, असं मास्तरणीने विचारलं, तर म्हणाली, काही नाही, जिना जुना आहे.

दिवसभर हेच चाललं. लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे सांगणारा बाईचा आवाज आला आणि तिने दचकून मागे पाहिलं. बसथांब्यावर कुणीतरी खोकलं आणि ती बस सोडून तिकडे वळली. पुलावर उभी राहून मास्तरीण नदी कुठून येते नि कुठे जाते ते सांगत होती, आणि कवळीताई हं हं करत गर्दीत एक पाठमोरी मान शोधत होती. मेलेलं माणूस आपल्या गावात सहसा दिसत नाही, कारण ते गेलंय हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. परक्या गावाला तसं कुणी सांगितलेलं नसतं. तिथे ते कुठल्याही वळणावर उभं असू शकतं.

ती शोधत होती धाकटीला. धाकटी म्हणजे तिची आठ वर्षांनी लहान बहीण, लग्न करून या देशात आलेली आणि तीन वर्षांपूर्वी इथेच, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेलेली. ती आवाजाची कामं करायची. जाहिराती, स्टेशनवरच्या सूचना, जे मिळेल ते. नऊ वर्षांपूर्वी तिला पहिलं मोठं काम मिळालं. या शहरात एका जुन्या श्रीमंत घराचं संग्रहालय केलंय. तिथे आत शिरताना कानाला लावायचं एक यंत्र देतात आणि ते एकेका खोलीची माहिती सांगतं. त्या वर्षी त्यांनी एकदम वीस भाषा वाढवल्या, त्यांत आपलीही होती. धाकटीने रविवारी फोन करून बजावलं, की ताई, सोमवार ते शुक्रवार मी स्टुडिओत आहे, काही चांगलंवाईट असलं तरी कळवू नकोस, माझा आवाज लगेच कापतो. शनिवारी मीच करीन फोन.

मंगळवारी बाबा न्हाणीघरात पडले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसही जातील, दोन आठवडेही जातील. बाबांना बोलता येत होतं तोवर ते एवढंच म्हणाले, की तिचं काम होऊ दे. कवळीताईने शुक्रवारी संध्याकाळी कळवायचं ठरवलं आणि बाबा गुरुवारी दुपारीच गेले. तिने फोन लावला, तर पहिल्याच रिंगला धाकटीने उचलला आणि विचारलं, गेले का? ती घरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. भरल्या घरात, मामी-मावश्यांच्या देखत ती बहिणीला म्हणाली, "माझे बाबा तू एकटीने वापरून संपवलेस."

त्यानंतर सहा वर्षं दोघींत चकार शब्द नाही. कवळीताईने माफीची अकरा पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. मामी अजून प्रत्येक लग्नात कुणाच्या तरी कानाला लागते, की हीच ती, हिने बहिणीला बापाचं तोंड बघू दिलं नाही. धाकटी गेली तेव्हा तिच्या नवऱ्याने कळवलं ते चौथ्या दिवशी. फिट्टंफाट झाली म्हणायची.

बहिणीचा आवाज म्हणून कवळीताईजवळ काही उरलं नव्हतं. उरला होता तो त्या संग्रहालयातल्या यंत्रात. तो एकदा ऐकावा म्हणून जीव तुटत होता आणि ऐकायची तितकीच धास्ती होती, कारण तो आवाज नेमका त्या आठवड्यातला. बाप तिकडे शेवटच्या घटका मोजतोय, बहिणीने तोंड शिवून घेतलंय आणि ही बिचारी मन लावून खोल्यांची माहिती सांगतेय. ते ऐकायचं म्हणजे आपला गुन्हा पुन्हा पहिल्यापासून करायचा, असं तिला वाटायचं. आपण खरंच तिचे बाबा तिच्यापासून चोरले का, हा प्रश्न नऊ वर्षं तिच्या उशाशी होता. उत्तर देणारी एकच होती आणि ती उत्तर न देता गेली.

शनिवारी दुपारी चालता चालता दोघी त्या घरासमोर आल्या. करड्या दगडाचं, चार मजली, अरुंद घर. कवळीताई फाटकाशी थांबली, दाराकडे पाहत राहिली आणि म्हणाली, बूट चावतोय, हॉटेलवर जाऊ. मास्तरणीने बुटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "उद्या पाचपर्यंत उघडं असतं," एवढंच ती म्हणाली. तेव्हा कवळीताईला कळलं, की हिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे आणि ही मूग गिळून बसली आहे.

रविवारी बाराच्या सुमाराला त्या आत गेल्या. काउंटरवर बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची एक बाई होती. कवळीताईने सवयीने आधी तिचे दात पाहिले. वरचा डावा सुळा किंचित पुढे, बाकी उत्तम. कुठली भाषा, असं बाईने विचारलं. कवळीताईने तोडक्यामोडक्या तिथल्या भाषेत सांगितलं, तशी बाईने झटकन मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं, परत एकदा पाहिलं. मग मागच्या खोलीत जाऊन एक यंत्र घेऊन आली. या भाषेचं हे एकच आहे, म्हणाली, आणि आजचा याचा शेवटचा दिवस. उद्यापासून ही यंत्रं बंद, लोक आपापल्या फोनवर ऐकतील. मास्तरणीने तिथल्याच भाषेचं यंत्र घेतलं, तेवढीच उजळणी होईल म्हणून, आणि ती मुद्दामच दोन खोल्या पुढे निघून गेली.

कवळीताईने यंत्र कानाला लावलं आणि एक नंबर दाबला.

"नमस्कार. या घरात तुमचं स्वागत आहे. आता डावीकडे वळा. उंबरा उंच आहे, जपून."

ती वळली आणि जपून उंबरा ओलांडला. जन्मात पहिल्यांदा धाकटी हुकूम सोडत होती आणि थोरली निमूट ऐकत होती. आवाज अगदी कानात होता, ओठ टेकवून बोलल्यासारखा. धाकटीने लहानपणी पुढचा दात पाडून घेतला होता, त्या जागी कवळीताईने शिकाऊ असताना केलेला पहिला दात बसवला होता. तो हवा तसा जमला नव्हता. नवीन कवळी घातलेल्या माणसाला ती नेहमी साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावते, 'स' म्हणताना शिट्टी वाजते का ते बघायला. धाकटीचा 'स' जन्मभर वाजला. स्टुडिओतल्या लोकांना तो कसा चालला कोण जाणे. स्वागत, दिवसा, साधारण, सामान, एकेका शब्दात ती बारीक शिट्टी वाजत होती आणि कवळीताई स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या भांड्यांसमोर उभी राहून रडत होती.

घर म्हणजे नुसत्या रिकाम्या खोल्या. मांडलेली टेबलं, सारखे केलेले पलंग, खुंटीला कुणाचा तरी कोट. धाकटी सांगत होती, इथे घरातली माणसं जेवायला बसत, इथे मुलींची आजारपणं निघत, या खुर्चीत कुणी बसत नसे. "थोडं मागे सरका. अजून थोडं. हं, आता आरसा दिसेल." कवळीताई मागे सरकली. आरशात तिला आपल्या मागची उघडी दारं दिसली, एकापाठोपाठ एक, आणि त्यांत कुणी नव्हतं. तरी तिने वळून खात्री करून घेतली. पंधराव्या, सोळाव्या खोलीपर्यंत तिला भीती उरली नव्हती. उलट बरं वाटत होतं. धाकटी हात धरून घर दाखवतेय, कुठलंच भांडण झालेलं नाही, बाबा घरी आहेत.

सतरा नंबर वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला. लांबट खोली, भिंतीला फळ्या, त्यांवर लोखंडी इस्त्र्या ओळीने मांडलेल्या, मधे एक मोठं टेबल आणि कोपऱ्यात पाहुण्यांसाठी ठेवलेलं स्टूल. तिने सतरा दाबलं.

"एक, दोन, तीन. बोलत राहू? बरं. आज बुधवार. सकाळी टोस्ट खाल्ला, जळका होता. ताईच्या मैत्रिणीचे तीन फोन येऊन गेले. मास्तरीण उगाच फोन करणाऱ्यांतली नाही. म्हणजे बाबांचंच काहीतरी. उचलला तर निघावं लागेल. ही सतरावी खोली, अजून बारा राहिल्यात. शनिवारी उचलीन. बाबा, शनिवारपर्यंत थांबा हं. एवढं कराच." मग जरा शांतता. "झालं? मिळाला आवाज?"

आणि लगेच तो घोटलेला, पाहुण्यांसाठीचा स्वर. "खोली क्रमांक सतरा. ही इस्त्रीची खोली. इथे आठवड्यातून दोन दिवस पाच बायका काम करत."

कवळीताईने बटण बंद केलं आणि परत लावलं. तेच. ती स्टुलावर बसली आणि तिसऱ्यांदा ऐकलं.

हे काय आहे ते तिला बरोबर ठाऊक होतं. धाकटीनेच पूर्वी गंमत म्हणून सांगितलं होतं, की ध्वनिमुद्रणाआधी यंत्रावरचा माणूस म्हणतो, काहीही बोला, मला आवाज लावून घ्यायचाय. मग जो तो आपण सकाळी काय खाल्लं ते सांगतो आणि नंतर तेवढा भाग कापून टाकतात. इथे कापणाऱ्याला भाषाच येत नव्हती. टोस्ट कुठे संपला आणि खोली कुठे सुरू झाली, हे त्याला कसं कळणार. त्याने सगळंच ठेवून दिलं होतं.

म्हणजे तिला ठाऊक होतं. बुधवारी सकाळीच ठाऊक होतं. गुरुवारी पहिल्याच रिंगला उचललेला फोन आणि 'गेले का' हा प्रश्न, याला कवळीताई आजवर लेकीचं आतडं म्हणत आली होती. आणि त्या भरल्या घरात, मामी-मावश्यांच्या देखत, ती काय बोलली होती.

आधी राग आला. असा राग, की समोरची एखादी इस्त्री उचलून खिडकीतून फेकावी. नऊ वर्षं मी हे उरावर वागवलं. अकरा पत्रं लिहिली. लग्नाकार्यात मान खाली घालून कोपऱ्यात बसले. आणि ही बया सगळं ठाऊक असून गप्प बसली. मेली तरी गप्पच. फोन उचलायचा नाही आणि करायचाही नाही, आणि खरं बोलायचं ते कुठे, तर परक्या देशात, इस्त्र्यांसमोर.

मास्तरीण तिला शोधत परत आली, तेव्हा ती तशीच स्टुलावर बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्या बुधवारी तू धाकटीला फोन केला होतास?"

मास्तरणीने कानावरचं यंत्र काढलं. बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तीनदा," ती म्हणाली. "सकाळी."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हणून तर सांगितलं नाही. तू डोळ्याला डोळा न लावता बाबांजवळ बसलेली, तुझ्याशी वाद कोण घालणार? उचलला नाही तिने. वाटलं, स्टुडिओत फोन बंद असेल, नाहीतर मीच नंबर चुकले असेन. मग तुमचं दोघींचं फाटलं. आता हे सांगून मी आणखी काडी कशाला टाकू? तू म्हणाली असतीस, मास्तरणीला सुचलं आणि मला सुचलं नाही. आणखीच खचली असतीस."

"लागला होता फोन," कवळीताई म्हणाली आणि यंत्र तिच्या हातात दिलं.

मास्तरीण उभ्यानेच ऐकायला लागली आणि ऐकता ऐकता टेबलाला टेकली.  मग तिने पिशवीतून फोन काढला. हे इथल्या इथे ध्वनिमुद्रित करून घेऊ, म्हणाली, आणि घरी गेल्या गेल्या पहिल्यांदा त्या मामीच्या कानाशी लावू. मग मावश्यांच्या. एकेकीला बसवून ऐकवू.  ती बोलत होती ते खरंच होतं. नऊ वर्षांत कवळीताईची बाजू घेणारा एकही पुरावा जगात नव्हता, आणि आता होता, धाकटीच्या स्वतःच्या तोंडचा. कवळीताईच्या डोळ्यांसमोर मामीचा चेहरा आला. ते दृश्य तिला आवडलं, हे कबूल केलं पाहिजे.

पण ती म्हणाली, आधी खाली जाऊ. त्या काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे दोनदा का पाहिलं, ते विचारायचंय.

बाईला जणू ते अपेक्षितच होतं. ती म्हणाली, की या भाषेचं यंत्र मागणारं माणूस वर्षात एखादं. त्यातली एक मात्र ठरलेली होती. दरवर्षी, झाडांची पानं गळायला लागली की त्याच तारखेला ती यायची आणि सरळ सतरा नंबरच्या खोलीत जायची. दुसरी एकही खोली बघायची नाही. स्टुलावर बसायची ती घर बंद होईपर्यंत. आम्ही आपसात तिला इस्त्रीवाली बाई म्हणायचो. तिचा आवाज थेट तुमच्यासारखा होता, म्हणून मघाशी मी दचकले. तीन वर्षं झाली, आली नाही. तुम्ही तिच्या कोण?

बहीण, असं कवळीताईने सांगितलं. ती का येत नाही तेही सांगितलं. बाईने काउंटरवरचे कागद सारखे केले. मग म्हणाली, "एकदा मी विचारलं होतं, यंत्रात काही बिघाड आहे का. म्हणाली, चूक राहिलीय. मी म्हटलं, मग सांगा, दुरुस्त करून घेते. तर म्हणाली, नको, राहू दे. माझ्या बहिणीला ऐकायचंय ते. ती येईल कधीतरी."

मास्तरणीने हे कवळीताईसाठी भाषांतर करून सांगायला घेतलं, पण तिला कळलं होतं. तिला समजायचं ते सगळं एकदमच समजलं. धाकटी खोटं बोलली होती ती एका संतापाच्या क्षणी, चारचौघांत. आणि ते मागे घ्यायला तिची जीभ रेटली नव्हती. आपल्या अकरा पत्रांतलं प्रत्येक पत्र तिला किती जड गेलं असेल. माफी मागायची तिने आणि मागतेय दुसरीच. म्हणून ती दरवर्षी इथे येऊन बसायची, बाबांच्या तारखेला, त्या बुधवारच्या स्वतःसमोर. आजारी बापाला थांबायला सांगणारा आपलाच आवाज दिवसभर ऐकायची. आपण नऊ वर्षं हे दुःख एकटीने काढलं असं कवळीताई समजत होती. ते दोघींनी दोन टोकांना बसून काढलं होतं. वेडी कुठली, असं ती मोठ्याने म्हणाली आणि काउंटरला धरून उभी राहिली.

बाईने तिला पाणी दिलं. मग जरा चाचरत एक कागद पुढे केला. जुनीच ध्वनिमुद्रणं उद्या नव्या व्यवस्थेत चढवणार आहेत, म्हणाली. कुठे चूक असेल तर आत्ताच कळवायची, नंतर कुणी हात लावणार नाही. कागदावर खोलीचा नंबर, कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत कापायचं आणि कारण. मी इतकी वर्षं भरला नाही, ती म्हणाली. आता तुम्ही आलात. तुम्हीच ठरवा.

मास्तरीण आडवी आली. तिने कवळीताईला बाजूला ओढून नेलं आणि म्हणाली, की कापायचं तर खुशाल काप, पण आधी एक प्रत माझ्या फोनवर घेऊ दे. नाहीतर उद्यापासून तू पुन्हा तीच, बहिणीला बापाचं तोंड बघू न देणारी. मामी अजून वीस वर्षं जगणार आहे, तिची तब्येत मला ठाऊक आहे.

"घेऊ नकोस," कवळीताई म्हणाली. "मामीला ऐकवलं की ते घरोघर होईल. लग्नालग्नात माझ्याऐवजी तिचं नाव निघेल. मी निदान समोर बसून ऐकून घेते. तिला तर उलट बोलताही येणार नाही."

मास्तरणीने फोन पिशवीत टाकला. तिला ते पटलं नव्हतं आणि तिने ते लपवलंही नाही. पण काम म्हटलं की ती चोख. दोघी परत वर गेल्या, मास्तरणीने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दोनदा मोजून घेतलं. पहिल्या सेकंदापासून चौतिसाव्यापर्यंत. खाली येऊन तिने तिथल्या भाषेत कागद भरला, वळणदार, शाळेतल्या फळ्यावर लिहायची तशा अक्षरात. कारणाच्या रकान्याशी ती थांबली. काय लिहू, असं तिने नजरेनेच विचारलं.

"लिही, निरोप पोचला," कवळीताई म्हणाली.

बाईने कागद वाचला, तारीख घातली आणि फाइलमध्ये ठेवला. उद्या सकाळी पहिल्यांदा हेच करून घेते, म्हणाली. कवळीताईने मान हलवली. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटेल अशी तिची अपेक्षा होती, तसं काही वाटलं नाही.  भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. मास्तरीण वेळापत्रक काढून म्हणाली, बाग राहिलीय, बाजार राहिलाय, आणि संध्याकाळच्या आत ते जुनं घड्याळघर बघून होईल.

"तू जा, बघून ये," कवळीताई म्हणाली. तिने काउंटरवरचं यंत्र पुन्हा उचललं आणि दोरी गळ्यात अडकवली. "बंद व्हायला अजून दोन तास आहेत. बाबांजवळ शेवटी मी तरी होते. हिच्याजवळ माहेरचं कुणी नव्हतं. मी बसते तोवर धाकटीपाशी."